किटली आणि घड्याळाच्या मधली ओळ

आजी, तुझ्या स्वयंपाकघरातलं टेबल माझ्याकडे आहे. तू गेल्यावर घर रिकामं करताना तुझ्या पुतण्याने फोन करून विचारलं होतं, मला आठवण म्हणून काही हवंय का, आणि मी एखादा कप मागायचा सोडून टेबल म्हणून बसले. त्यानंतर आम्ही लायडनमध्येच तीनदा घर बदललं. इथल्या उभ्या जिन्यांतून ते कधीच वर जात नाही, दर वेळी खिडकी काढून दोराने ओढावं लागतं, आणि दर वेळी माझा नवरा खालून ओरडतो, "आपण टेबलासाठी घर घेतोय का गं?" आज शनिवार आहे, सकाळचे साडेदहा. ही आपली वाचायची वेळ. टेबलावर दोन गोष्टी आहेत, माझ्या चुलतभावाने पाठवलेला एक फॉर्म आणि तू दिलेलं निळ्या कापडी बांधणीचं पुस्तक. फॉर्म तीन आठवडे अर्धवट पडून होता. त्याचं काय करायचं हे मला तुला विचारायचं होतं. तू जाऊन अठरा वर्षं झाली हे मला ठाऊक आहे. तरी विचारण्यासारखं दुसरं माणूस आठवेना.

तुझ्याकडे आले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. सांगली, मग पुण्यातलं कॉलेज, आणि तिथून थेट हॉलंडात, तुझ्या वरच्या मजल्यावरची खोली, जिच्या खिडकीतून कालवा दिसायचा आणि जिच्या छताला माझं डोकं रोज आपटायचं. पहिल्या दिवशी मी तुला 'मेफ्राऊ' म्हणाले, कारण विद्यापीठाच्या माहितीपत्रकात बाईमाणसाला तसं म्हणावं असं होतं. तू म्हणालीस, "आमच्यात मेफ्राऊ नाही, डॉक्टर नाही, साहेब नाही. नावाने हाक मार." ऐंशीला टेकलेल्या बाईला नावाने! माझी जीभच वळेना. चार दिवस मी तुला कशानेच हाक मारली नाही, जिन्यात खोकून खाली यायचे. पाचव्या दिवशी तू विचारलंस, "तुमच्याकडे माझ्या वयाच्या बाईला काय म्हणतात?"

"आजी."

"ही पदवी आहे?"

"नाही, नातं आहे."

"मग चालेल," तू म्हणालीस. "नात्याला आमची हरकत नाही."

'आमच्यात' म्हणजे क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथात, हे मला नंतर कळलं. तुझे डोळे तेव्हा बरेच गेलेले होते, मधोमध डाग होता, कडेकडेचं तेवढं दिसायचं. म्हणून एका रविवारी मी तुझा हात धरून तुमच्या सभेला आले. एका साध्या खोलीत गोल मांडलेल्या खुर्च्या, अकरा माणसं, मूर्ती नाही, गाणं नाही, कोणी काही बोलत नाही. तासभर मी दाराकडे बघत बसले होते. परत येताना मी विचारलं, "आज भटजी आले नाहीत का?" तू पुलावर थांबून इतकी हसलीस की मागचा सायकलवाला घंटी वाजवून थकला. मग तू समजावून सांगितलंस की तुमच्यात भटजी नसतोच. सगळे गप्प बसतात, आणि ज्याला आतून अगदीच राहवत नाही तो उठून दोन वाक्यं बोलतो. शपथ तुम्ही घेत नाही, कारण शपथेवर खरं बोलायचं तर एरवी काय बोलायचं, असा तुमचा प्रश्न. पुढे कितीतरी वर्षांनी नगरपालिकेत मला इथलं नागरिकत्व मिळालं तेव्हा समोरच्या बाईंनी विचारलं, शपथ घेणार की नुसतं वचन देणार? मी वचन दिलं. तू पहिल्या रांगेत हवी होतीस.

आपल्या शनिवारांचं कारण म्हणजे तुझा पत्र्याचा डबा. तुझा एक पूर्वज सतराव्या शतकाच्या अखेरीस इथल्या फ्रीसलंड प्रांतातून अमेरिकेतल्या इंग्रजांच्या वसाहतीत गेला होता. विणकर होता, क्वेकर झाला म्हणून इथे त्रास झाला, तिकडे जमीन मिळाली. त्याचा एक नातू परत आला आणि तुझं घराणं त्या नातवाचं. तू तीस वर्षं तिकडच्या दप्तरांतून कागदांच्या छायाप्रती मागवत होतीस, पत्रं, सभेच्या नोंदी, जमिनीचे दस्त. त्या जमेपर्यंत डोळे गेले. मला इंग्रजी यायचं आणि वेळ होता. मी वाचायचं, तुझ्या घराण्याच्या पुस्तकासाठी जुन्या कॉम्प्युटरवर टाइप करायचं, आणि त्या बदल्यात दुपारी तू मला डच शिकवायचीस. कॉफी, एकच बिस्किट, की बिस्किटांचा डबा बंद. त्या वसाहतकऱ्याचा मला लळाच लागला होता. भावाला लिहिलेल्या पत्रांत तो सफरचंदाच्या कलमांबद्दल लिहितो, गोठलेल्या ओढ्याबद्दल, स्वतःच्या कोठारात भरणाऱ्या सभेबद्दल. एका पत्रात तो लिहितो की शेजारी गुलाम म्हणून माणसं विकत घेऊ लागले आहेत, आणि मी सभेत उभा राहून म्हणालो की हे आपल्याला शोभत नाही. हे पत्र तुला तोंडपाठ होतं. तुझ्या वडिलांनी ते तुला लहानपणी ऐकवलं होतं. आपल्या घरात एवढं एक निर्मळ आहे, असं तू मला म्हणाली होतीस.

मग नोव्हेंबरातला तो शनिवार. डब्याच्या तळाशी त्याचं मृत्युपत्र होतं, म्हातारपणी केलेलं. मी वाचत होते, तू डोळे मिटून ऐकत होतीस. माझ्या पत्नीस खालच्या खोलीतला पलंग व अंथरूण, तांब्याची मोठी किटली, मग एक गुलाम मुलगी, तिचं नुसतं पहिलं नाव, मग भिंतीवरचं घड्याळ. मी किटलीपर्यंत वाचलं. थांबले. आणि घड्याळापासून पुढे वाचू लागले. टाइपही तसंच केलं. कॉफी झाली, दुपारी आपण क्रियापदं केली.

पुढच्या शनिवारी मी खुर्चीत बसायच्या आत तू म्हणालीस, "गेल्या आठवड्यात तू किटली आणि घड्याळाच्या मध्ये थांबलीस."

"अक्षर लागत नव्हतं, आजी."

"अक्षर लागत नाही तेव्हा तू पुटपुटतेस. त्या दिवशी तू गप्प होतीस." तू तुझा कोरडा हात माझ्या हातावर ठेवलास. "माणसं गप्प कशी बसतात हे मी साठ वर्षं ऐकत आलेय, मुली. वाच."

मी वाचलं. तू म्हणालीस, परत. तीनदा वाचलं. मग तू ते तरुणपणचं पत्र काढायला लावलंस, तेही वाचलं. "दोन्ही त्याच्याच हातचं ना?" हो म्हणाले. "मग दोन्ही पुस्तकात जातील." बराच वेळ तू टेबलाची कड बोटांनी चाचपत होतीस. ती कड अजून तशीच आहे, एका ठिकाणी झिजलेली. मला वाटलं आता तू रडशील किंवा मला खोली सोडायला सांगशील. तू म्हणालीस, "तू मला जपायला गेलीस. चांगुलपणाने केलंस, मला कळतं. पण माझ्यासाठी म्हणून कोणाला गाळू नकोस. तिला आधीच एकदा गाळलंय." मी मान हलवली.

त्या रविवारी तू सभेत उठलीस. मी तुला कधी उठताना पाहिलं नव्हतं. खुर्चीची पाठ धरून तू म्हणालीस, "आमच्या घरात एक मुलगी होती. मला ऐंशी वर्षं माहीत नव्हतं. या आठवड्यात कळलं." आणि बसलीस. बाहेर पडताना एका म्हाताऱ्याने तुला घालायला कोट धरला, तेवढंच. पुस्तक झालं तेव्हा त्यात प्रत्येक माणसाला एक पान होतं, जन्म, लग्न, मुलं. त्या मुलीलाही पान होतं. वर नाव, खाली मृत्युपत्रातली ती एक ओळ, बाकी कोरं. तुझ्या पुतण्याचा फोन आला तेव्हा मी भांडी पुसत होते. त्याचा आवाज बाहेर ऐकू येत होता, "काकू, हे गरजेचं होतं का?" तू म्हणालीस, "तिला विचारलं असतंस तर काय म्हणाली असती?" आणि हवापाण्याबद्दल बोलू लागलीस. मला दिलेल्या प्रतीत तू मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलंस, "जिने मला जपायचा प्रयत्न केला आणि मग खरं वाचून दाखवलं, तिला." अक्षरं एकमेकांवर चढली आहेत, कारण तुला मधलं दिसत नव्हतं.

तुझ्यामुळे मला किती मिळालं याचा मला नीट हिशेबही लावता येत नाही, आणि लावू नये असं वाटतं. तुझी सायकल, हुईसआर्टसशी, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरशी, न घाबरता कसं बोलायचं ते, चूक झाली तर आधी आपणच सांगायची सवय. मी आता इथल्या सायन्स पार्कमधल्या एका लॅबमध्ये नोंदी तपासते. आमच्याकडे नियम आहे. चुकलेलं गिरमिटून टाकायचं नाही, पांढरा रंग लावायचा नाही, पान फाडायचं नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. बाजूला सही, तारीख आणि कारण. नव्या मुलांना हे शिकवताना ती कंटाळतात. मी शिकवताना तुझं नाव घेत नाही, पण शिकवत तूच असतेस.

आता फॉर्मचं सांगते. आमच्याकडे एका आडनावाच्या सगळ्या घराण्यांची वंशावळ पुस्तकात छापतात, त्याला कुलवृत्तांत म्हणतात. नवी आवृत्ती निघते आहे. युरोपातली माहिती गोळा करायचं काम माझ्या चुलतभावाकडे आहे, तो फेल्डहोवनला चिपची मशीन बनवणाऱ्या कंपनीत असतो. मागच्या रविवारी त्याचा फोन आला.

"अगं, सगळ्यांचे फॉर्म आले, तुझाच अडलाय. समितीचे काका मला रोज गुड मॉर्निंगच्या फुलांबरोबर आठवण पाठवतात."

"दादा, बायला कुठे घालायचं?"

"कोण बाय?" मग थोडं थांबून, "आपली बाय? तिला कशाला? कुलवृत्तांत आहे तो, रेशनकार्ड नव्हे."

बायबद्दल मी तुला कधी सांगितलं नाही. माझे बाबा जन्मले तेव्हा त्यांना सांभाळायला म्हणून आजोबांनी घाटाखालच्या एका गावातून नऊ-दहा वर्षांची मुलगी आणली. तिचे वडील वारले होते, घरात खाणारी तोंडं फार. बाबा मोठे झाले, ती राहिली. मग काकांना तिने सांभाळलं, मग दादाला सुट्टीत, मग मला आणि माझ्या भावाला. पिठाच्या डब्यांशेजारी चटई टाकून झोपायची आणि सगळ्यांच्या आधी उठायची. माझी वेणी इतकी घट्ट घालायची की भुवया वर जायच्या. मी इकडे यायला निघाले त्या दिवशी तिने तीन पिशव्यांत गुंडाळलेली भाजणी माझ्या बॅगेत कोंबली आणि विचारलं, "तिथं तुला वाढणार कोण?" माझं मी घेईन म्हटलं तर पदर तोंडाला लावून हसली, विश्वास बसला नाही तिचा. तुला ती थालीपिठं आठवतात? तू त्यावर चीज किसून घातलंस आणि विचारलंस, हे पीठ कोणी केलं? मी म्हणाले, "घरून आलंय." जणू घरानेच भाजलं, दळलं. आणखी एक. इथल्या रीतीने टॉयलेटमध्ये टांगलेल्या तुझ्या वाढदिवसांच्या कॅलेंडरवर तू माझ्या घरच्यांचीही नावं लिहायला घेतली होतीस. आई, बाबा, भाऊ. "आणखी कोण असतं घरी?" तू विचारलंस. मी म्हणाले, "बस, एवढेच." तिचा वाढदिवस कोणालाच ठाऊक नव्हता, हे एक झालं. पण तू वाढदिवस नव्हता विचारलास. मी इकडे आल्यावर तीन वर्षांनी ती गेली. बाबांनी मला आठवड्याने कळवलं, आणि मला त्यात वावगं वाटलं नाही.

मी ही दोन माणसं सारखी आहेत असं म्हणत नाही. बायला कोणी विकत घेतलं नव्हतं. आम्ही तिच्यावर माया करायचो, म्हणजे आम्हाला तसं वाटायचं. तिला काय वाटायचं हे विचारलेलं मला आठवत नाही, आणि तिच्या आईला ती पुन्हा भेटली का हेही नाही. पण दादाचा तो रेशनकार्डाचा टोमणा माझ्या डोक्यात राहिला, कारण तिचं नाव कुठे असेल तर तिथेच असणार. मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. आजोबांच्या वेळचं रेशनकार्ड आहे का? बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, त्यांनी कपाट उघडून तासाभराने परत फोन केला. आधी कार्ड उलटं धरलं, मग फोनच्या इतकं जवळ की नुसतं पिवळं दिसत होतं.

"बाबा, लांब धरा. शेवटची ओळ वाचा."

"थांब, चष्मा." मग त्यांनी वाचलं. तिचं नाव, तिच्या वडिलांचं नाव, आडनाव. वय अंदाजे. नात्याच्या रकान्यात 'इतर'. बाबा बोलायचे थांबले. ते कसे गप्प बसले ते तुला ऐकायला हवं होतं, आजी. मग म्हणाले, "तिच्या कडेवर मी चालायच्या आधीपासून होतो. हे नाव मी आज पहिल्यांदा मोठ्याने वाचलं."

काल मी आमच्या शाखेचा फॉर्म भरून त्याचा फोटो दादाला पाठवला, सोबत एक जादा पान. वर तिचं पूर्ण नाव, खाली गाव, येतानाचं वय, तिने वाढवलेल्या पाच जणांची नावं, त्यात दादाचंही. बाकी कोरं. तासाभरात त्याचा फोन आला. मला वाटलं भांडेल.

"समिती नाही म्हणाली तर?"

"तर ज्या प्रती आपल्याकडे येतील त्यांत मी हाताने लिहीन."

तो हं म्हणाला. मागे त्याची मुलगी डचमध्ये काहीतरी विचारत होती, तिला त्याने मराठीत थांब म्हटलं. "ती मला लोण्याचा गोळा आधी द्यायची, तुझ्या आधी. माहितीये तुला?"

"खोटं. मला आधी."

"नात्याचा रकाना रिकामा ठेवलायस."

"काय लिहू कळेना."

"मलाही नाही कळत," दादा म्हणाला. "पण 'इतर' नको लिहूस हं."

हे सगळं तुला सांगून झालं की हलकं वाटेल, असं वाटलं होतं. पण एक राहिलंय, आणि त्याच्यासाठीच बहुतेक मी लिहायला बसले. आमचे आजोबा गेले तेव्हा मी आठ वर्षांची होते. तेरावं झाल्यावर बाबा आणि काका, म्हणजे दादाचे वडील, घरातल्या वस्तू वाटून घेत होते. मी उंबऱ्यावर चिंचोके मोजत बसले होते. बाय आत भांडी घासत होती, तिलाही ऐकू जात असणार. काका म्हणाले, "शिलाई मशीन आम्ही नेतो. बाय तुमच्याकडे राहू दे. घड्याळ कुणाला हवंय?" भांडण नव्हतं, सगळे समजूतदारपणे बोलत होते. काका वाईट माणूस नव्हते. नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी मी किटलीशी आले, पुढची ओळ दिसली, आणि मला तुझ्या पूर्वजाचा नाही, काकांचा आवाज ऐकू आला. तू विचारशील, 'तुमच्याकडे होतं का असं कोणी?' ही मला भीती वाटली. बाय तेव्हा जिवंत होती. म्हणून मी ती ओळ गाळली. तुला जपायचं माझ्या मनातही नव्हतं. तू तसं समजलीस, मला शाबासकी दिलीस, आणि मी मान हलवून ती घेतली. काकांचं वाक्य मी अजून दादाला सांगितलेलं नाही. सांगेन बहुतेक. इथे मी त्याला जपतेय की स्वतःला, हे आधी नीट बघायला हवं.

पुस्तकातल्या तुझ्या ओळीत 'जिने मला जपायचा प्रयत्न केला' या शब्दांवर मी आज पेनाने एक रेघ मारली आहे. तुझं अक्षर खालून वाचता येतं. बाजूला सही केली, तारीख घातली. कारण लिहायला समासात जागा पुरली नाही, म्हणून हे पत्र घडी घालून त्या मुलीच्या कोऱ्या पानात ठेवते. ओळीतला दुसरा भाग, खरं वाचून दाखवल्याचा, मी तसाच ठेवलाय. तोही तू मला तीनदा वाचायला लावलंस म्हणून.